गाडीत नवा स्टीरिओ घरीच बसवताना: वायरी, जोड आणि नंतरच्या तक्रारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडीतला कंपनीचा रेडिओ काढून त्या जागी बाहेरून घेतलेला टचस्क्रीन स्टीरिओ घरीच बसवायचा आहे, सोबत रिव्हर्स कॅमेरा आहे. खोक्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुबका निघाला. कोणती वायर कुठे जोडायची, आणि गाडीचा मूळ कपलर (वायरींचा प्लग) कापून थेट जोड दिला तर चालेल का?

कपलरचं आधी सांगतो: कापू नका. बहुतेक गाड्यांच्या मूळ कपलरला बसणारा ॲडाप्टर हार्नेस (वायरींचा तयार संच) मिळतो. त्याचं एक टोक गाडीच्या कपलरमध्ये खटकन बसतं. दुसऱ्या टोकाला मोकळ्या वायरी किंवा आयएसओ कपलर (पिनांची ठरलेली मांडणी असलेला प्लग) असतो. सगळे जोड हा ॲडाप्टर आणि नव्या स्टीरिओचा हार्नेस या दोघांमध्ये द्यायचे, आणि तेही गाडीत वाकून नाही, घरात टेबलावर उजेडात बसून. चूक झाली तर कपलर ओढला की गाडी पूर्ववत. मूळ रेडिओ परत बसवायची वेळ आली तर पाच मिनिटांचं काम. कापलेल्या हार्नेसमध्ये मात्र प्रत्येक चूक डॅशबोर्डच्या आत, हात न पोहोचणाऱ्या जागी, उरलेल्या दोन इंच वायरीवर निस्तरावी लागते.

आता पसाऱ्याकडे वळण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्या जमल्या नाहीत तर वायरिंग कितीही नीट केलं तरी उपयोग नाही.

पहिली गोष्ट माप. डिन म्हणजे स्टीरिओच्या तोंडाचं ठरलेलं माप: सिंगल डिनचं तोंड साधारण १८० × ५० मिमी आणि डबल डिनचं १८० × १०० मिमी असतं. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ते २०० × १०० मिमी असतं. तिथे १८० चा स्टीरिओ बसतो, पण दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरची फट राहते आणि ती झाकायला पट्ट्या लागतात. नऊ-दहा इंची स्क्रीन सहसा डिनच्या तोंडात बसत नाही. त्यासाठी त्या मॉडेलची स्वतंत्र फ्रेम घ्यावी लागते. लोक तोंड मोजतात आणि खोली मोजायला विसरतात. स्टीरिओच्या मागे कपलर, अँटेनाचा प्लग आणि वायरींचा गठ्ठा यांना निदान ४ ते ५ सेंमी मोकळी जागा हवी. मागे एसीचा डक्ट आडवा गेलेला असेल तर शेवटचा एक सेंटिमीटर आत जाता जात नाही, आणि जोर लावला की काहीतरी चेपतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ रेडिओ गाडीशी बोलतो कसा. जुन्या गाड्यांत रेडिओला साधी चावीची वायर येते. नव्या अनेक गाड्यांत ती नसतेच. चावी फिरली, लाइट लागले, रिव्हर्स पडला, ही सगळी माहिती कॅन बसच्या, म्हणजे गाडीतली यंत्रं आपसात बोलतात त्या, दोन वायरींवरून येते. अशा गाडीला कॅन बॉक्ससकट (ती माहिती स्टीरिओला समजेल अशी करून देणारी डबी) आलेला हार्नेस घ्या, आणि तो तुमच्या मॉडेलचा आणि त्याच सालचा असू द्या. कॅनच्या वायरी साध्या पिळलेल्या जोडीसारख्या दिसतात. त्यांना बॅटरीची वायर समजून काही जोडलं तर गोष्ट रेडिओपुरती राहत नाही. गाडीत कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर त्यासाठीही वेगळा ॲडाप्टर लागतो. असा ॲम्प्लिफायर ओळखायचा कसा ते पुढे येईल.

रंग कोणते, आणि ते कुठपर्यंत खरे

नव्या स्टीरिओच्या हार्नेसवरचे रंग बहुतेक नामांकित कंपन्या सारखेच ठेवतात:

पिवळी: कायम १२ व्होल्ट, थेट बॅटरीकडून. मेमरी आणि मुख्य करंट दोन्ही.
लाल: चावी ॲक्सेसरीवर आली की १२ व्होल्ट.
काळी: अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडलेलं उणे टोक.
निळी: पॉवर अँटेना किंवा अँटेनाचा बूस्टर.
निळी-पांढरी: ॲम्प्लिफायर चालू करायचा सिग्नल.
नारिंगी किंवा नारिंगी-पांढरी: गाडीचे लाइट लागले की स्क्रीन मंद करायला.
पांढरी: पुढचा डावा स्पीकर. करडी: पुढचा उजवा. हिरवी: मागचा डावा. जांभळी: मागचा उजवा. यांतल्या प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार म्हणजे त्या स्पीकरची उणे वायर.
फिकट हिरवी: हँडब्रेक. जांभळी-पांढरी: रिव्हर्स.

जांभळी आणि जांभळी-पांढरी या दोघींत गोंधळ होतो. एक स्पीकरची, दुसरी रिव्हर्सची. रिव्हर्सच्या दिव्याचे १२ व्होल्ट स्पीकरच्या वायरीत गेले तर आतली ॲम्प्लिफायरची चिप जाऊ शकते, फ्यूज उडायच्याही आधी. स्वस्तातल्या अँड्रॉइड स्टीरिओंवर वायरींना कागदी किंवा प्लास्टिकची लेबलं असतात. तिथे रंगापेक्षा लेबल वाचा आणि मागच्या बाजूला छापलेल्या आकृतीशी ताडून पाहा.

हे रंग फक्त नव्या स्टीरिओच्या बाजूचे. गाडीच्या मूळ वायरींचे रंग प्रत्येक कंपनी स्वतःच्या पद्धतीने ठरवते. गाडीतली काळी वायर अर्थच असेल असं अजिबात नाही. आयएसओ कपलर असला तरी निर्धास्त होऊ नका. त्याच्या पॉवरच्या ब्लॉकमध्ये चौथ्या पिनवर कायमचे १२ व्होल्ट, सातव्यावर चावीचे आणि आठव्यावर अर्थ अशी ठरलेली मांडणी आहे, पण फोक्सवॅगन समूहाच्या जुन्या गाड्यांत चौथी आणि सातवी पिन उलट असतात. म्हणूनच बऱ्याच आयएसओ हार्नेसमध्ये पिवळ्या आणि लाल वायरीत मधेच बुलेट जोड दिलेले असतात: ते काढायचे आणि फुलीसारखे उलटे जोडायचे. पुष्कळांना ते जोड कशासाठी आहेत तेच माहीत नसतं.

तेव्हा डिजिटल मल्टिमीटर हाताशी ठेवा. तो नसेल तर हे काम सुरूच करू नका.

मीटरने काय मोजायचं

मूळ रेडिओ काढून कपलर मोकळा झाला की मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब रंग नसलेल्या धातूवर, शक्यतो बॉडीला लागलेल्या मूळ बोल्टवर. चावी काढलेली असताना ज्या पिनवर १२.४ ते १२.७ व्होल्ट येतात ती कायमची. चावी ॲक्सेसरीवर नेल्यावर जी जिवंत होते आणि चावी काढताच मरते ती लाल वायरीसाठी. पार्किंग लाइट लावल्यावर जिच्यावर व्होल्टेज येतं ती नारिंगीसाठी. इथे एक खाचखळगा: काही गाड्यांत लाइटच्या दोन पिना असतात, एक धन आणि एक डिमरकडे (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाकडे) परत जाणारी उणे. नारिंगी फक्त धन पिनला. उणेला काहीही जोडायचं नाही, नाहीतर डिमर काम करेनासा होतो किंवा फ्यूज जातो. कोणती कळत नसेल तर नारिंगी वायर टोपी लावून सोडून द्या. स्क्रीनचा उजेड सेटिंगमधून वेळेनुसार कमी करता येतो.

अर्थची पिन ओम मोजून पाहा, बॉडीशी जवळपास शून्य यायला हवी. पण ओम आणि व्होल्ट दोन्ही फसवू शकतात. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनमधून एकच तार टेकलेली असली तरी तो १२.५ व्होल्ट दाखवतो. स्टीरिओ ५-६ अँपिअर मागायला लागला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून कायमची आणि अर्थ या दोन पिना पक्क्या ओळखल्यावर त्यांच्यात ५ वॅटचा पार्किंग बल्ब लावून पाहा: पूर्ण तेजाने पेटायला हवा, आणि बल्ब पेटलेला असताना त्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये. बल्ब फक्त ओळख पटलेल्या पिनांवर लावायचा. अनोळखी पिनांत बल्ब खुपसून शोध घेणं नव्या गाड्यांत महागात पडतं, आणि एअरबॅगच्या वायरींच्या जवळपास तर तो आणूच नये.

आता स्पीकर. मीटर ओमवर ठेवून जोडी मोजा. चार ओमचा चांगला स्पीकर ३ ते ४ ओम दाखवतो. दीड-दोन ओम आले तर स्पीकर कमी ओमचा आहे किंवा दोन समांतर जोडले आहेत. बहुतेक स्टीरिओ ४ ते ८ ओमसाठी बनवलेले असतात, दोन ओमवर ते तापतात आणि स्वतःला बंद करतात. सगळ्याच जोड्यांवर काहीच येत नसेल, किंवा हजारो ओम येत असतील, तर मधे कंपनीचा ॲम्प्लिफायर आहे. एकाच जोडीवर काही येत नसेल तर तो स्पीकर जळलाय किंवा दाराच्या रबरी नळीत वायर तुटली आहे. वारंवार उघडणाऱ्या दारात हे नेहमीचं.

प्रत्येक स्पीकर वायर ते बॉडी हेही मोजा. इथे मीटरने अनंत दाखवायलाच हवं. काही थोडंसंही दाखवत असेल तर वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलवटली आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धन-उणे ओळखायला १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल पुरतो. स्टीरिओ जोडलेला नसताना सेल त्या जोडीला क्षणभर टेकवा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलचं धन टोक ज्या वायरीवर आहे ती स्पीकरची धन. आत गेला तर उलट. कंपनीचा ॲम्प्लिफायर असलेल्या गाडीत हा प्रयोग करायचा नाही. एक स्पीकर उलटा जोडला तर काही जळत नाही; फक्त बास नाहीसा होतो आणि गाणं समोरून येण्याऐवजी डोक्याभोवती कुठूनतरी येतं. मग लोक स्पीकर बदलायला निघतात.

स्पीकरच्या उणे वायरीबद्दल एक समजूत फार घट्ट बसली आहे की ती अर्थच असते. नाही. आजकालच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी चालवल्या जातात, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. त्यामुळे उणे वायर बॉडीला टेकवणं म्हणजे आऊटपुट शॉर्ट करणं. चारही उणे एकत्र पिळणं हीही तीच चूक. याच रचनेवरून खोक्यावरच्या ‘४ × ५० वॅट’चाही उलगडा होतो. चालू गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात, १४.४ चा वर्ग भागिले ४ ओम, म्हणजे जवळजवळ ५२ वॅट. हा आकडा फक्त पूर्ण चौकोनी, म्हणजे पूर्ण फाटलेल्या आवाजाचा. स्वच्छ साइन लाटेला त्याच्या निम्मे, फार तर २६ वॅट, आणि प्रत्यक्षात कमी विकृतीचे वीसच्या आसपास. खोक्यावर ४ × ६० लिहिलेलं असो की ४ × ८०, स्टीरिओच्या आतच ॲम्प्लिफायर असेल आणि व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल तर हिशोब हाच.

जोड

टेबलावर ॲडाप्टर आणि स्टीरिओचा हार्नेस समोरासमोर ठेवा आणि एकेक वायर जुळवा. जोड देण्याच्या तीन पद्धती चालतात: क्रिंप (धातूच्या नळीत तारा घालून दाबणं), सोल्डर, किंवा तयार आयएसओ कपलर. वायर पिळून वरून काळी टेप गुंडाळणं ही पद्धत नाही. उन्हात डॅशबोर्डच्या आत तापमान इतकं चढतं की टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, आणि काही महिन्यांनी पिवळी वायर पत्र्याला भेटते. वायरीवर चिमटा मारून पातं आत घुसवणारे निळे-लाल टॅपही टाळा. ते तारा अर्ध्या कापतात आणि कंपनाने सैल होतात.

क्रिंप करायचं असेल तर बट कनेक्टर वायरीच्या मापाचा घ्या. लाल रंगाचा ०.५ ते १.५ चौरस मिमीला, निळा १.५ ते २.५ ला. स्टीरिओच्या वायरी बहुधा लाल मापातच बसतात. टोक ७-८ मिमी सोला, तार आत पूर्ण जाऊ द्या, आणि रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने दाबा. साध्या पकडीने चेपलेला क्रिंप दिसतो घट्ट, पण ओढला की निघतो. प्रत्येक जोड हाताने ओढून पाहायचाच. निघणार असेल तर आत्ताच निघू दे.

सोल्डरला जागा कमी लागते, आणि हात बसलेला असेल तर काम देखणं होतं. हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी वायरीत आधी ओवा. जोड पूर्ण झाल्यावर ती शेजारी पडलेली दिसणं हे या कामातलं जुनं दुखणं आहे. वायर तापवा, सोल्डर वायरीवर वितळू द्या, सोल्डरिंग आयर्नवर नाही. सोल्डर इन्सुलेशनखाली फार आत झिरपलं तर तिथे वायर कडक होऊन कंपनाने तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू लगेच गठ्ठ्याला बांधून आधार द्या.

सगळे जोड एकाच रेषेत आणू नका. प्रत्येक पुढचा जोड अडीच-तीन सेंमी सरकवून घ्या, म्हणजे गठ्ठा एका जागी फुगत नाही आणि एखादी नळी निसटली तरी दोन उघडे जोड शेजारी येत नाहीत. शेवटी सगळ्यावर कापडी हार्नेस टेप. ती उन्हात चिकट होत नाही आणि गाडी खड्ड्यातून गेली की प्लास्टिकवर आपटून खडखडत नाही.

ज्या वायरी वापरायच्या नाहीत त्यांची तोंडं एकेक करून बंद करा. निळ्या-पांढऱ्या वायरीवर स्टीरिओ चालू असताना १२ व्होल्ट असतात, न वापरलेल्या स्पीकर वायरींवर आऊटपुट असतं. सगळी मोकळी टोकं एकत्र धरून टेप मारली तर त्या आतल्या आत शॉर्ट होतात.

निळ्या आणि निळ्या-पांढऱ्या वायरी सिग्नलसाठी आहेत, त्यांच्यावर काहीशे मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. पंखा, दिवे, चार्जर असलं काही त्यांच्यावर लावू नका. वेगळा ॲम्प्लिफायर लावणार असाल तर त्याला पॉवर बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायरीने द्यायची, बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत त्या वायरीच्या क्षमतेचा फ्यूज, आणि आरसीए केबल (आवाजाचा सिग्नल नेणारी) गाडीच्या दुसऱ्या बाजूने. स्टीरिओच्या पिवळ्या वायरीतून ॲम्प्लिफायर चालवणं म्हणजे हार्नेस वितळवायची तयारी.

गाडीत चावीची वायर मिळालीच नाही आणि कॅन बॉक्सही नसेल, तर लाल वायर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप लावून घ्या. सिगारेट लायटर किंवा ॲक्सेसरी सॉकेटचा फ्यूज त्यासाठी योग्य. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात: एक मूळ, एक नव्या वायरीचा. फ्यूजच्या दोन खाचांपैकी कोणत्या बाजूला चावी लावल्यावर व्होल्ट येतात ते मीटरने पाहा आणि टॅपचा सामाईक पाय त्या बाजूला येईल असा बसवा. उलटा बसवला तर नव्या वायरीचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो. लाल वायर बहुतेक स्टीरिओंत फक्त ‘चालू हो’ एवढंच सांगते, त्यामुळे तिला छोटा फ्यूज पुरतो.

गाडी उघडताना

हँडब्रेक ओढा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा खाली आणल्याशिवाय पॅनेल निघत नसेल तर चाकांना अडण लावून दांडा आधीच हलवून ठेवा. बॅटरी काढल्यावर तो पी मध्ये अडकून बसतो. मूळ रेडिओला सुरक्षा कोड असेल तर तो लिहून ठेवा. चावी खिशात, गाडीत नाही. मग बॅटरीचं उणे टर्मिनल काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा; तिथे काही सांगितलं नसेल तर दहा मिनिटं. एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज उरलेला असतो, तो जायला हवा. पिवळ्या रंगाचे कपलर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही. (वर सांगितलेली व्होल्टेजची मोजमापं करायला बॅटरी पुन्हा जोडावी लागते, तेव्हा एअरबॅगचा एकही कपलर सुटलेला नाही याची खात्री करा, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कायमचा बसतो.)

पॅनेल काढायला प्लास्टिकच्या पट्ट्या वापरा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने प्लास्टिकला दात पडतात आणि ते दात रोज डोळ्यांसमोर राहतात. सगळे स्क्रू निघाले असतील तर पॅनेल क्लिपांवरून बेताच्या जोराने सुटतं. सुटत नसेल तर एखादा स्क्रू उरलेला आहे, बहुधा ॲशट्रे, घड्याळ किंवा रबरी चटईखाली. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं; गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग सुरुवात केलेली बरी. मूळ रेडिओवरचे ब्रॅकेट टाकून देऊ नका, जपानी गाड्यांत तेच नव्या स्टीरिओला लावायचे असतात. ते लावताना स्टीरिओसोबत आलेलेच स्क्रू वापरा, बहुधा ५ मिमी जाडीचे आणि ८ मिमी लांबीचे. हाताशी आलेला लांब स्क्रू आत बोर्डात घुसतो, आणि ते नंतरही बाहेरून दिसत नाही.

स्टीअरिंगवरच्या बटणांसाठी ॲडाप्टरमध्ये की-१, की-२ आणि अर्थ अशा वायरी असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक बटण वेगळा रोध (रेझिस्टन्स) देतं, आणि स्टीरिओच्या ‘लर्निंग’ मेनूत एकेक बटण दाबून शिकवावं लागतं. सगळी बटणं एकच काम करत असतील तर की आणि अर्थ उलटे आहेत.

जीपीएसच्या अँटेनाला आकाश दिसायला हवं. डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली ती चालते, धातूच्या पट्टीखाली नाही. उष्णता परतवणारा धातूचा थर असलेली काच असेल तर सिग्नल कमजोर होतो. माईक स्टीअरिंग कॉलमवर किंवा वरच्या दिव्याजवळ. खांबातून वायर नेताना आत पडदा एअरबॅग असू शकते. वायर तिच्या पुढून जाता कामा नये, मागून, मूळ हार्नेसला बांधून न्यायची.

कॅमेरा

कॅमेऱ्याला पॉवर रिव्हर्सच्या दिव्यावरून मिळते. पुढपर्यंत येणाऱ्या आरसीए केबलच्या दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायर बाहेर आलेली असते. बरेचजण ती कापून टाकतात. मागच्या बाजूला ती रिव्हर्स दिव्याच्या धन वायरीला आणि पुढे स्टीरिओच्या रिव्हर्स वायरीला जोडायची. वेगळी वायर ओढायची गरज पडत नाही.

डिकीच्या झाकणात वायर नेताना मूळ रबरी नळीतूनच न्या. नळीत साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला तर वायर सरकते. झाकण पूर्ण उघडल्यावर ती ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवा. नव्या गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याला सलग व्होल्टेज न देता ठोके दिले जातात. बल्बला त्याने फरक पडत नाही, कॅमेऱ्याचं चित्र मात्र थरथरतं किंवा येतच नाही. तिथे कपॅसिटरचा फिल्टर किंवा रिले लावून पॉवर सलग करून घ्यावी. चित्र काळं-पांढरं आणि लोळत असेल तर बिघाड वायरीत नसतो: कॅमेरा एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा प्रकार) आणि स्टीरिओ साध्या व्हिडिओवर सेट आहे, किंवा उलट. मेनूतून प्रकार जुळवा. चित्र आरशासारखं उलटं असेल तर कॅमेऱ्याच्या वायरीवरचा छोटा लूप तपासा. कोणता लूप कापायचा ते त्याच्या कागदावर असतं.

फिकट हिरवी वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडा. ती कायमची अर्थ केली की चालत्या गाडीत व्हिडिओ दिसतो, आणि नेमकं तेच थांबवण्यासाठी ती दिलेली आहे.

पॅनेल लावण्याआधी

सगळं जोडून स्टीरिओ सीटवर कापडावर ठेवा, बॅटरी जोडा आणि आवाज अगदी लहान ठेवून चालू करा. फेडर-बॅलन्सने (आवाज पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे वळवणारी सेटिंग) चारही कोपरे एकेक ऐका. चावी काढा, पाच मिनिटांनी परत लावा: स्टेशनं आणि घड्याळ जागेवर आहेत का पाहा. लाइट लावा, रिव्हर्स टाका, एफएम ऐका, फोन जोडून बोला. हे सगळं झाल्याशिवाय एकही क्लिप बसवू नका. मग स्टीरिओ आत ढकलताना वायरींचा गठ्ठा त्याच्या मागे नाही, खाली किंवा बाजूच्या पोकळीत जाईल असं पाहा. दाबून बसवावा लागत असेल तर बाहेर काढा आणि गठ्ठा पुन्हा लावा.

तक्रारी आणि त्यांची मुळं

चावी काढली की सेटिंग पुसली जाते: पिवळी आणि लाल उलट झाल्या आहेत, किंवा दोन्ही चावीच्या वायरीवर आहेत.

एफएम कमजोर: आधी मूळ अँटेनाचा बूस्टर पाहा. काचेतल्या आणि छोट्या शार्क फिन अँटेनांना १२ व्होल्ट लागतात. मूळ रेडिओ ते अँटेनाच्या केबलमधूनच देत असे. नवा देत नाही. अँटेनाच्या ॲडाप्टरवर निळी वायर असेल तर ती स्टीरिओच्या निळ्या वायरीला जोडा. तरीही खरखर असेल तर यूएसबी चार्जर आणि डॅशकॅम काढून ऐका. ते एफएममध्ये भरपूर कचरा सोडतात.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कूं-कूं: बहुतेक वेळा अर्थ. स्टीरिओचा अर्थ ॲशट्रेच्या स्क्रूवर घेतलेला असतो, आणि तो स्क्रू कशालाच जोडलेला नसतो. वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या आरसीए पिना काढून पाहा. आवाज तरीही असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या पॉवर-अर्थकडे, गेला तर स्टीरिओ किंवा केबलकडे. आरसीए केबलमध्ये आयसोलेटर (असा आवाज अडवणारं छोटं उपकरण) लावून आवाज दाबता येतो, पण बासही थोडा जातो. आधी अर्थ सुधारा.

‘प्रोटेक्ट’ किंवा ‘डीसी ऑफसेट’: एखादी स्पीकर वायर बॉडीला लागली आहे. चारही स्पीकर सोडा. संदेश गेला तर एकेक जोडत जा, ज्यावर परत येतो तो दोषी. चारही सोडूनही संदेश कायम असेल तर स्टीरिओच्या आतली चिप गेली.

फ्यूज उडतो: मोठा फ्यूज घालू नका. स्टीरिओच्या मागे १० किंवा १५ चा असतो, तोच ठेवा आणि शॉर्ट शोधा. मोठ्या फ्यूजने शॉर्ट जात नाही, फक्त फ्यूजच्या आधी वायर जळते.

गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी मरते: मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीच्या उणे टोकाशी मालिकेत जोडा, गाडी कुलूपबंद करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतली यंत्रं झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करायचं नाही, मीटरचा फ्यूज जातो. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर दोष बॅटरीत असण्याची शक्यता जास्त. त्याहून जास्त असेल तर स्टीरिओचा फ्यूज काढा आणि आकडा किती खाली येतो ते बघा. काही अँड्रॉइड स्टीरिओ चावी काढल्यावर पूर्ण बंद न होता झोपेच्या स्थितीत राहतात म्हणजे लगेच सुरू होता येतं. मेनूत ‘स्लीप’ची मुदत असते, ती कमी करा. फ्यूज काढूनही आकडा तेवढाच राहिला तर गळती स्टीरिओत नाही, गाडीत दुसरीकडे आहे.